छत्रीवालीला हूल देऊ नये

४ फेब्रुवारी

माझ्या खारुताईला शेपटीपासून कानापर्यंत आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोन तुझ्या आईच्या हातात, आणि मी बोलायला लागले की ती शेजारी उभी राहून म्हणते, "आई, स्पीकरवर टाक ना." आता मला जे सांगायचंय ते स्पीकरवर टाकण्यासारखं नाही. चौथीपर्यंत शिकले ते आज कामाला आलं म्हणायचं.

तर ऐक. तुझी आजी पोकर खेळते. खरंखुरं, चार जणींत, रोज दुपारी!

मागे तुझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तू माझ्याकडे पलंगावर पडून मला शिकवलंस ना, तेव्हा मी पोरीचं मन रमावं म्हणून शिकले होते. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांचे मधे, ते उलटत जायचे आणि पैज वाढवत जायची. ज्याला झेपत नाही त्याने पत्ते टाकायचे, उरलेल्यांत ज्याचा हात मोठा तो ढीग उचलणार. मला काय माहीत, ते घर आवरून इथे लेकीकडे आल्यावर तेच उपयोगी पडेल.

तुझ्या आईच्या घराखाली लॉन्ड्री आहे बघ. तुझ्या बाबांच्या शर्टाचं बटण धुण्यात गेलं म्हणून मी खाली विचारायला गेले. मशिनींच्या मागे इस्त्रीचं मोठं टेबल, चार खुर्च्या, तीन बाया आणि मधे बटणांचा ढीग. मला वाटलं निवडत बसल्यात. तर पोकर! पैसे नाहीत हं, बटणंच. धुताना निघालेली आणि कोणी न विचारलेली.

एक लॉन्ड्रीवाली, दुकान तिचंच. दुसरी छत्रीवाली, शेजारच्या गाळ्यात छत्र्या दुरुस्त करते, ऊन असलं की तिला कामच नसतं. तिसरी रिटायर नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणतात, ती पत्तेसुद्धा नाडी बघितल्यासारखी धरते. चौथी खुर्ची रिकामी, कारण तिची मालकीण कायमची मुलाकडे राहायला गेली. मी म्हटलं, मला येतं थोडंसं. तिघींनी एकमेकींकडे असं बघितलं, जसं मांजरीने दुधाकडे बघावं.

नियम असा. नव्या बाईला एक डबाभर बटणं मिळतात. मार्च संपेपर्यंत त्यातलं एक जरी उरलं तर खुर्ची तिची, कायमची. डबा रिकामा झाला तर नमस्कार. माझ्याआधी पोस्टातून रिटायर झालेली एक आणि दाताच्या डॉक्टरची सासू, दोघी रिकाम्या डब्याने घरी गेल्या.

मला ती खुर्ची हवी आहे, खारुताई. हसू नकोस. इथे मला कोणी वाईट वागवत नाही, उलट फारच चांगलं वागवतात. मी खोलीत आले की जावई उठून उभे राहतात. ते उभे म्हणून मी बसत नाही. मग आम्ही दोघं उभ्याउभ्या बातम्या बघतो. बस म्हणायला माझी स्वतःची अशी एक जागा नको का कुठे?

पण डबा अर्ध्यावर आलाय गं. तू शिकवलंस तशी हूल देते मी. हातात काही नसलं तरी चेहरा सावकारासारखा करते आणि मूठभर बटणं पुढे सारते. तू कशी घाबरून टाकायचीस! इथे कोणी टाकतच नाही. काल मी एवढी बटणं लावली, तर छत्रीवाली म्हणते, "बघू तरी काय आहे," आणि दुर्रीच्या जोडीवर माझा ढीग घेऊन गेली. दुर्रीच्या!

काहीतरी सुचव. इथे नाहीच जमलं तर बोचकं बांधून तुझ्याकडे येईन. हे तुझ्या आईला सांगू नकोस, ती रडत बसेल.

तुझी, निम्मा डबा गमावलेली,
आजी

—

९ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की भिंगं घासणाऱ्या विभागातली माणसं बघायला आली.

तुझी चूक नाही, माझी आहे. मी तुला एकटीला माझ्याशी खेळायला शिकवलं, आणि मी भित्री. हूल घाबरणाऱ्याला द्यायची असते. तुझ्या टेबलाला आमच्यात सैल टेबल म्हणतात. तिथे सगळे सगळ्या हातांवर खेळतात, काही होवो, शेवटपर्यंत बघतात. अशा ठिकाणी हूल म्हणजे बहिऱ्याला कुजबुजून धमकी देणं.

तेव्हा आता हूल बंद. वाईट पत्ते आले की लगेच टाकायचे, मोह नाही. दहांतले सात-आठ हात टाकावे लागतील, कंटाळा येईल, येऊ दे. आणि चांगले आले, राजाची जोडी, राणीची जोडी, की लाजायचं नाही. तू चांगले पत्ते आले की लपवून हळूहळू खेळतेस, ते इथे नको. सरळ भरपूर लावायचं. त्या बघणारच आहेत, मग बघण्याची पुरती किंमत देऊ दे.

बाकी इकडे ठीक. मी आता दोन खोल्यांच्या जागेत आलेय. खिडकीतून कारखान्याचं घड्याळ दिसतं. एक घडीची खाट आणि जास्तीची उशी घेतली, सहज. स्वस्त मिळाली.

तुझी,
खारुताई

—

१८ फेब्रुवारी

खारुताई,

तुझा सल्ला ऐकून मी लॉन्ड्रीत कामाला लागले आहे! पगार नाही.

अगं, तुला एक गोष्ट लिहायची राहिली. मला ती महत्त्वाची वाटलीच नव्हती, कारण आधी मी पत्ते टाकतच नव्हते. इथे रीत अशी आहे की डावात जी पहिली पत्ते टाकेल तिने उठायचं. उठून काय? तर त्या वेळी दुकानात जे निघेल ते. मशीन थांबली तर कपडे बाहेर काढ, गिऱ्हाईक आलं तर गठ्ठा दे, नाहीतर किटली चढव. लॉन्ड्रीवालीनेच ही रीत पाडली, नोकर ठेवायला नको म्हणून. बाई हुशार आहे.

आता तू म्हणालीस दहांतले सात हात टाक. मी टाकले! पहिल्या दिवशी तीन मशिनी रिकाम्या केल्या, दोन वेळा चहा केला आणि एका नवरदेवाचा कोट त्याच्या बापाला दिला. सिस्टर म्हणाली, "तुम्ही खेळायला येता की नोकरीला?" छत्रीवाली म्हणाली, "राहू दे गं, हिच्या हातचा चहा बरा असतो."

आणि परवा काय झालं. मी टाकले पत्ते, घंटी वाजली म्हणून बाहेर काउंटरवर गेले, तर समोर तुझे बाबा! हातात पावती. मी त्यांना त्यांच्याच पँटी दिल्या. ते उभेच, मीही उभीच, आम्हाला सवयच आहे. शेवटी म्हणाले, "आई, तुम्हाला पैशांची काही अडचण आहे का?" मी म्हटलं, "छे हो, हातात सत्ती-तिर्री होती." त्यांना काही कळलं नाही. पण घरी बोलले नाहीत, सज्जन माणूस.

डबा आता रिकामा होत नाही एवढं खरं. पण भरतही नाही. आणि मला भीती वाटते की या मला चहावाली म्हणून ठेवून घेतील, खुर्चीवाली म्हणून नाही. तुझा सल्ला तुझ्या टेबलावर बरोबर असेल, इथे त्याला किटली चिकटलेली आहे.

आता माझं ऐक. घडीची खाट, जास्तीची उशी, दोन खोल्या. आणि "सहज". मी तुझ्या आईला वाढवलंय, तुला अर्धं वाढवलंय, मला सहज सांगू नकोस. कोण आहे तो? घोरतो का? हे आधी विचारून घ्यायचं असतं, नंतर उपयोग नसतो. तुझे आजोबा घोरायचे तर भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.

आजी

—

२३ फेब्रुवारी

आजी,

कोणीही नाही. खरंच नाही. उशी म्हणजे उशी असते.

आता तुझ्या किटलीबद्दल. मी दोन दिवस विचार केला. मला वाटत होतं त्या सैल खेळतात कारण त्यांना खेळ कळत नाही. तसं नाहीये आजी! त्यांना उठायचं नाहीये. पत्ते टाकण्याची जी किंमत आहे ती बटणांत नाही, उठण्यात आहे. मग तू एवढंच बघ, उठणं कुणाला किती जड जातं. त्यांना किती आणि तुला किती. जिला ते स्वस्त पडतं तिचं ते टेबल.

मला उत्तर इथून दिसत नाही, तुला तिथून दिसेल.

आणि फार चहा करून कंटाळलीस, तर सोडून दिलंस तरी चालेल. म्हणजे, कुणी तुला हसणार नाही. माझ्याकडे जागा आहे.

खारुताई

—

८ मार्च

अगं पोरी, पोरी, पोरी!

गुडघे!

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी पत्त्यांकडे न बघता पायांकडे बघितलं. सिस्टर आयुष्यभर वॉर्डात उभी, तिचे दोन्ही गुडघे गेलेले, उठताना टेबलाला असा दाब देते की बटणं उड्या मारतात. लॉन्ड्रीवालीच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांचा नकाशा. छत्रीवाली दिवसभर पाय दुमडून छत्र्यांच्या काड्या वाकवत बसते, तिला उठायचं म्हणजे आधी सूचना द्यावी लागते. आणि मी? मी तीन मजले चढून आयुष्यभर पाणी भरलं, मला बसून राहिलं तरच दुखतं. या तिघी पाच बटणं घालवतील, पण उठणार नाहीत. मला उठायला एक बटणही लागत नाही! मला तर इकडे तिकडे फिरायला बरंच वाटतं, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलता येतात. त्या कोटवाल्या नवरदेवाचं लग्न मोडलं, कळलं का? ते सांगते नंतर.

मग मी काय केलं, वाईट पत्ते आले की आनंदाने टाकले. "बसा तुम्ही, मी बघते मशीन." आणि गुरुवारी मला दोन राजे आले. मी बसून राहिले. तू म्हणालीस तसं लाजले नाही, मूठ भरून लावली. लॉन्ड्रीवाली आली, सिस्टर आली, छत्रीवाली तर "बघू तरी" म्हणत आलीच. मधे तिसरा राजा उलटला! मी आणखी लावलं. पुन्हा तिघी आल्या. बाहेर घंटी वाजत होती, मशीन थांबून शिट्टी मारत होती, पण उठेल कोण? शेवटी माझे तीन राजे मी टेबलावर ठेवले, तेव्हा सिस्टर म्हणाली, "अरे देवा, ही आज बसली होती, हे आपल्या लक्षात यायला हवं होतं."

डबा काठोकाठ भरला. वरची बटणं पदरात बांधून ठेवली.

पण आता एक झालंय. सिस्टर शहाणी आहे. मी बसून राहिले की ती म्हणते, "बाई उठली नाही, म्हणजे काहीतरी आहे," आणि गुडघे धरून स्वतःच उठते. काल ती दोनदा चहा करायला गेली! म्हणजे आता त्या घाबरायला लागल्या आहेत. म्हणजे आता हूल चालेल ना? मला फार खाज सुटली आहे गं. नुसतं बसून राहायचं, हातात काही नाही, आणि सगळ्यांना पळवायचं. कळव लवकर.

दुसरं, लोकर आणली आहे. निळी. त्याच्या छातीचं माप पाठव. लाजू नकोस.

आजी

—

१३ मार्च

आजी,

घाईघाईत लिहितेय, आजच्या टपालाला जायला हवं. हूल देऊ नकोस!

म्हणजे, एकट्या सिस्टरला देऊ शकतेस, ती विचार करते. विचार करणाऱ्यालाच हूल लागते. पण छत्रीवाली डावात असेल तर मुळीच नाही. ती अजून तशीच आहे, ती बघणारच. एक माणूस घाबरायला लागला म्हणजे टेबल घाबरलं असं नसतं.

आणि आता लोकर आणलीस, म्हणून सांगावं लागतंय. तो कोणी नाही. खाट तुझ्यासाठी आहे. तू पहिल्या पत्रात लिहिलंस ना, नाही जमलं तर तुझ्याकडे येईन, ते वाचलं त्याच संध्याकाळी मी जाऊन खाट घेऊन आले. सरळ सांगितलं असतं तर तू हरायलाच बसली असतीस, मला माहीत आहे तुला. मला तू इथे हवी होतीस. कारखान्यातून आले की घरात कोणी बोलत नाही. तरी तुला चुकीचा सल्ला द्यायला हात उचलेना. दोनदा कागद घेतला, दोनदा फाडला.

तर आता जिंक. खाट घडीची आहे, घडी घालून ठेवता येते.

माप माझंच घे. मला निळा चालतो.

खारुताई

—

१ एप्रिल

माझ्या वेड्या खारुताईला,

तुझं पत्र आलं आणि मी ते मशिनीच्या मागे उभी राहून वाचलं, म्हणून कोणी विचारलं तर सांगता आलं की डोळ्यांत साबण गेला. गधडे, एवढं मनात ठेवून माझे हात तपासत बसली होतीस! बोलणार आहे तुझ्याशी, पण आधी डाव सांगते, नाहीतर विसरेन.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी हूल दिली होती. दिली, झालं. हातात चौरी आणि नव्वी, मधे काही जुळत नव्हतं, आणि मी बसून राहिले देवीसारखी. निम्मा डबा लावला. सिस्टर उठली. लॉन्ड्रीवालीनेही पत्ते टाकले. मला वाटलं, जिंकले. छत्रीवाली म्हणते, "बघू तरी." मला राग आला, मी उरलेल्यातलीही बरीच लावली, पदरातलीसुद्धा सोडली. "बघू तरी." तिच्याकडे पंजीची जोडी होती. माझ्याकडे हवा. जवळजवळ अख्खा डबा गेला, तळाशी मूठभर राहिली, त्यातली दोन तर तुटकी.

मग तुझं पत्र आलं. "छत्रीवालीला देऊ नकोस." उशिरा आलं, पण बरोबर आलं.

त्यानंतरचे दिवस विचारू नकोस. प्रत्येक डावाला बसायचं तर आधी एक बटण मधे टाकावं लागतं, त्यामुळे नुसतं दडून बसताही येत नाही. पत्ते बघायचे, टाकायचे, उठायचं. कधी एखादा छोटा ढीग मिळायचा, पुन्हा झिजायचा. रात्री तुझ्या आईने विचारलं, "आई, तू आजकाल गप्प का?" मी म्हटलं, पत्ते येत नाहीत. ती म्हणाली, "मला माहीत आहे सगळं. ह्यांनी फेब्रुवारीतच सांगितलं. मी विचारलं नाही, कारण तू दुपारी खाली जाताना केस विंचरून जातेस." अशी आहे तुझी आई. मला वाटायचं तिला काही कळत नाही.

काल शेवटचा दिवस. माझ्याकडे चार बटणं. आणि मला दोन राण्या आल्या, एक बदामाची, एक इस्पिकची. चारही पुढे सारली. चेहरा केला नाही, काही नाही.

सिस्टर बघत राहिली माझ्याकडे, आणि उठली. "मी नाही बाई." लॉन्ड्रीवालीने चार टाकली. छत्रीवालीने पत्ते उचलून डोळ्यांजवळ नेले आणि चार टाकली.

मी म्हटलं, "अगं, तुला एकदाही टाकावंसं वाटत नाही का? काही नसलं तरी?"

ती म्हणाली, "नवऱ्याने चाळीस वर्षं मला काही सांगितलं नाही. कुठे जातो, काय करतो, पगार किती. आता निदान समोरचीचे पत्ते तरी बघू दे की! हरले तर हरले, कळतं तरी."

सगळ्या इतक्या हसलो की एक गिऱ्हाईक आत डोकावलं. आणि मला वाटलं, या बाईला मी घाबरवायला निघाले होते.

मग मधले पत्ते उलटले. नव्वी, सत्ती, गुलाम. छत्रीवालीचा चेहरा खुलला, तिच्याकडे नव्वी होती, लपवता येत नाही तिला. मग एक्का. लॉन्ड्रीवालीचं तोंड उतरलं, म्हणजे तिला काही लागलं नाही. छत्रीवालीचं दुसरं पान तिर्री होतं, ते नंतर कळलं. शेवटच्या पानाला तिर्री निघाली असती तर मी गेले होते. निघाली पंजी. माझ्या राण्या, तिच्या नव्व्या. ढीग माझा.

त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत मी नुसते पत्ते टाकले आणि इतक्या मशिनी रिकाम्या केल्या की लॉन्ड्रीवालीला उद्याला काम उरलं नाही. दिवस संपला तेव्हा डब्यात सात बटणं होती. लॉन्ड्रीवालीने खडूने खुर्चीच्या पाठीवर एक मोठी रेघ मारली. तीच त्यांची सही. खुर्ची माझी.

मी बसले. कोणी उठून उभं राहिलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग मी तुझ्या खाटेचं सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं. म्हटलं, आता काय करू, खुर्ची तर जिंकून बसले. तिघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मला बाराखडी येत नाही. छत्रीवाली म्हणाली, "अगं, खुर्ची तुझी झाली ना? मग जा की! नव्या बाईने एक दिवस चुकवला तरी ती गेली. पण जिची खुर्ची पक्की, ती सहा महिने गेली तरी तिच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. मी गेले नव्हते का माझ्या बहिणीकडे? खुर्ची काय पळून जाते?"

म्हणजे बघ, हरले असते तर बोचकं बांधून कायमची आले असते, पडलेल्या तोंडाने, आणि तुला मला सांभाळत बसावं लागलं असतं. आता मी पाहुणी म्हणून येते. पाहुणीचे लाड करायचे असतात, हे लक्षात ठेव. दोन महिने राहीन, भरपूर बोलेन, मग कंटाळा आला की म्हणेन, मला माझ्या खुर्चीवर जायचंय. आणि पुन्हा येईन.

तुझ्या बाबांनी तिकीट काढलंय, काढताना बसूनच बोलत होते, मीही बसले होते. शनिवारी सकाळची गाडी. तुझ्या कारखान्यातली दोन-तीन बोलकी माणसं हेरून ठेव, पत्ते मी आणते. भित्री असली तरी चालतील, त्यांच्यासाठी वेगळं खेळावं लागेल, पण ते मी बघते.

स्टेशनवर धावत येऊ नकोस, पाय जपून टाक. मी उतरून तिथेच उभी राहीन.

तुझी पक्क्या खुर्चीची,
आजी